‘अचानक’ कुणी पुढे येत नाही

प्रति,
मा. संपादक,

विषय : आपल्या पुरवणीतला ‘अचानक’ हा शब्द

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीतला २०२५ सालच्या मराठी चित्रपटांचा आढावा वाचला. ‘साबर बोंडं’बद्दल चार ओळी आल्यात, त्याचा आनंद आहे. पण त्यात दिग्दर्शक रोहन कानवडे ‘अचानक’ पुढे आल्याचं म्हटलंय. मी पस्तीस वर्षं पहिली-दुसरीच्या वर्गांना शिकवलं. निकालाच्या दिवशी अचानक हुशार झालेलं पोर मला एकही भेटलेलं नाही. म्हणून हे पत्र.

(जाता जाता : चित्रपटाच्या नावापुढे आपण कंसात ‘कॅक्टस पेअर्स’ छापलंय. मराठी वाचकाला साबरबोंडं इंग्रजीतून समजावून सांगायची वेळ आली! माझं माहेर नगर जिल्ह्यातलं. बांधावरच्या निवडुंगाची ही फळं आम्ही काठीने पाडायचो, मातीत घासून कुसळं काढायचो आणि घरी गेल्यावर लालभडक जिभेमुळे पकडले जायचो. बोटात राहिलेलं कुसळ दोन-दोन दिवस सलायचं. एवढी एक ओळ लिहिली असती तरी भागलं असतं.)

आता ‘अचानक’बद्दल. जानेवारी २०२५मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात या चित्रपटाला जागतिक कथापट विभागाचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं. तिथे पहिला खेळ झालेला हा पहिलाच मराठी कथापट. तेव्हा सगळ्यांनी बातम्या केल्या, आपणही केलीत. पण त्याच्या कितीतरी आधी याच दिग्दर्शकाने ‘उ उषाचा’ नावाचा लघुपट केला होता. एकटीने मुलं वाढवणारी एक निरक्षर शेतमजूर बाई, तिला शाळेतल्या बाईंबद्दल वाटू लागलेली ओढ आणि त्या ओढीतून तिने हातात धरलेली पाटी. आमच्या अंकलिपीत उ उखळाचा असायचा. जन्मभर तोच गिरवून घेतलेल्या माझ्यासारखीला हा उ पाहून काय वाटलं असेल ते आपणच समजून घ्या. हा लघुपट उभा राहिला तो मुंबईतल्या ‘कशिश’ या महोत्सवाच्या ‘क्यूदृष्टी’ अनुदानावर. म्हणजे सनडान्सला टाळ्या वाजायच्या कितीतरी आधी, आपल्याच गावातल्या एका महोत्सवाने या मुलाच्या कागदावरच्या गोष्टीवर पैसे लावले होते. नंतर ‘साबर बोंडं’ची संहिता व्हेनिसच्या कार्यशाळेत घासली गेली, गोव्याच्या फिल्म बाजारात फिरली. यात अचानक काय आहे?

‘कशिश’ हा समलिंगी, तृतीयपंथी आणि त्यांच्या आसपासच्या सगळ्या माणसांच्या चित्रपटांचा महोत्सव. श्रीधर रंगायन यांनी तो २०१०मध्ये सुरू केला. समलिंगी संबंध हा गुन्हा नाही, या दिल्ली उच्च न्यायालयाच्या जुलै २००९च्या निकालाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. डिसेंबर २०१३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि असे संबंध गुन्हा ठरवणारं कलम ३७७ पुन्हा मानगुटीवर बसलं. ते उतरलं ६ सप्टेंबर २०१८ला. मधल्या त्या पावणेपाच वर्षांत महोत्सव एकदाही बंद पडला नाही, तोही कुठल्या तळघरात लपूनछपून नव्हे, राजरोस चित्रपटगृहात. या धिटाईवर आपल्या वर्तमानपत्रात एखादा लेख आला असेल तर माझ्या नजरेतून सुटला असावा. वर्तमानपत्र मात्र मी शेवटच्या पानापर्यंत वाचते, निविदांसकट.

आपल्याकडे दरवर्षी येतो तो फोटो. भडक रंगभूषा केलेलं, पिसांचा शिरपेच घातलेलं कुणीतरी, खाली ‘रंगांची उधळण’ अशी ओळ आणि संपलं. शंभराहून जास्त चित्रपट दाखवले जातात, त्यातल्या एकाचंही नाव नसतं. नटून येणाऱ्यांबद्दल माझी तक्रार नाही, लग्नात आपणही नटतोच. पण लग्नाच्या बातमीत नवरा-नवरीचं नाव असतं.

मला ‘कशिश’ला पहिल्यांदा नेलं ते माझ्या भाच्याने. ‘‘मावशी, लिबर्टीला येतेस का? पिक्चर आहेत,’’ एवढंच म्हणाला. लिबर्टी म्हटल्यावर मी लगेच तयार! तिथे आमच्या अख्ख्या घराने ‘हम आपके हैं कौन’ पाहिला होता, तो शंभरावर आठवडे चालला तेव्हा. डोंबिवलीहून दादर, दादरला पूल चढून पश्चिम रेल्वे, मग मरीन लाइन्स. १९४९चं ते थिएटर अजून तसंच देखणं आहे, लाकडी भिंती, दिवे आणि छताच्या त्या लाटा. कसले पिक्चर आहेत ते भाच्याने लोकल चर्नी रोड सोडल्यावर सांगितलं. खिडकीकडे बघत सांगितलं. मी ‘‘बरं’’ म्हटलं. दुसरं काही सुचलं नाही, हे प्रामाणिकपणे लिहिते.

त्या दिवशी पाहिलेला एक मराठी लघुपट मी विसरलेले नाही. जेमतेम दहा मिनिटांचा असेल. मुलगा रात्रीच्या गाडीने गावी येतो, आईला काहीतरी सांगायचंय. ती भाकऱ्या थापतेय. तो दोनदा तोंड उघडतो, दोनदा गप्प बसतो. तिसऱ्यांदा सांगून टाकतो. आई तव्यावरची भाकरी उलटते, चुलीतलं लाकूड मागे ओढते आणि विचारते, ‘‘तो जेवतो का नीट? का तू एकटाच डबा खातोस?’’ अख्खं थिएटर हसलं. माझ्या पुढच्या रांगेत एक बाई होत्या, माझ्याच वयाच्या, सोबत तिशीचा मुलगा. त्या हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला, परत काढला. मुलाने त्यांच्याकडे बघितलं नाही, फक्त पाण्याची बाटली उघडून पुढे केली.

खेळ संपल्यावर दिग्दर्शक पुढे येऊन उभा राहिला. विशीतलं पोर, इस्त्री नसलेला शर्ट. कॅमेरा लग्नाचे व्हिडिओ काढणाऱ्या मित्राचा, चूल आत्याची आणि आईचं काम करणाऱ्या बाई खऱ्या आयुष्यात अंगणवाडीताई, असं त्याने सांगितलं. मुहूर्त नसलेल्या आठवड्यात शूटिंग उरकलं म्हणे!

संपादक महाशय, आता माझी अडचण सांगते. त्या लघुपटाचं नाव मला आज आठवत नाही. त्या मुलाचंही नाही. घडीची पत्रिका मी जपून ठेवली होती, ती घराच्या रंगकामात गेली. भाच्यालाही आठवत नाही. लघुपट थिएटरला लागत नाहीत, टीव्हीवर येत नाहीत. महोत्सवात एकदा, फार तर दोनदा दिसतात आणि दिग्दर्शकाच्या हार्ड डिस्कमध्ये जाऊन बसतात. दुसऱ्या दिवशी कुणी दोन परिच्छेद लिहिले असते, तर ते कात्रण मी चिकटवून ठेवलं असतं. त्या पोरालाही ते पुढच्या निर्मात्यासमोर ठेवता आलं असतं. उद्या तो कुठे परदेशात बक्षीस घेऊन आला, तर आपण पुन्हा ‘अचानक’ छापाल, आणि मला ‘अहो, मी पाहिलाय याचा पहिला’ एवढंसुद्धा खात्रीने म्हणता येणार नाही.

नाटकाच्या पहिल्या प्रयोगाला आपला माणूस जातो. राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीच्या बातम्या येतात, कुठल्या केंद्रावर कोण पहिलं आलं तेही छापता. उद्याचा नट तिथे तयार होतो हे आपल्याला ठाऊक आहे म्हणूनच ना? सिनेमाचंही तसंच असतं. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’आधी ‘पिस्तुल्या’ हा लघुपट होता आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कारही होता. तेव्हा त्यावर लिहिणारे किती होते?

विषय अडचणीचा म्हणून टाळत असाल, तर एका मुलीवर जीव जडलेल्या मुलीचं नाटक, तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’, ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीलाच मराठी रंगभूमीवर आलंय. वाचक बिथरेल ही काळजी नको. बिथरला तर पत्र लिहील, जसं मी लिहितेय.

एक मागणं महोत्सव भरवणाऱ्यांकडेही आहे. निवडक दहा लघुपट मराठी उपशीर्षकं देऊन ठाणे, कल्याण, नाशिकला आणावेत. गडकरी रंगायतन किंवा अत्रे रंगमंदिराची एखादी सकाळ पुरे. माझ्या वयाच्या बायकांना लोकल बदलून मरीन लाइन्सला जायला नेणारा भाचा लागतो, आणि प्रत्येकीला तो नसतो. किंवा असतो, पण त्याने अजून सांगितलेलं नसतं.

आपल्याकडून एवढंच हवंय, पुढच्या वेळी छायाचित्रकारासोबत एक लिहिणारा माणूसही पाठवावा. दिवसाला दोन लघुपट, प्रत्येकी दीडशे शब्द, दिग्दर्शकाच्या आणि गावाच्या नावासकट. माणूस मोकळा नसेल तर मी जाईन. मानधन नको, रेल्वेचा पास माझा आहे. मजकूर रात्री नऊच्या आत पाठवीन, शुद्धलेखन तपासायची गरज पडणार नाही.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, डोंबिवली (पूर्व)

(नाव छापू नये, ही विनंती. माझी हरकत नाही, पण आडनावावरून भाच्याच्या घरी कळेल. ते त्याचं त्याने सांगायचंय.)