सूर्यास्ताला पैठणी नेसवू नकोस

पुणे,
९ ऑगस्ट

प्रिय वश्या,

धरणाखाली गेलेल्या तुमच्या जुन्या गावावरच्या लेखाचं तुझं पाकीट मिळालं. आधी नुसतं वाचून काढलं, मग पेन्सिल घेऊन बसलो. दिवाळी अंकात जायच्या लायकीचा मजकूर आहे, त्याबद्दल मनात काही ठेवू नकोस. ‘बुडीत’ हे शीर्षक कोणी कितीही सांगितलं तरी बदलू नकोस. पण तू चिठ्ठीत विचारलंयस, ‘अलंकार पुरेसे आहेत ना?’ बाबा रे, पुरून उरलेत. पहिल्या पानावरचे ‘जणू’ मोजायला घेतले आणि मध्येच नाद सोडला.

तुझी सुरुवात बघ. सोनेरी किरणांत न्हालेला जलाशय, निसर्गदेवतेने पांघरलेला निळा शालू, क्षितिजाच्या भाळी लालचुटुक कुंकू आणि वर कळस म्हणून सूर्यास्ताची पैठणी. पैठणवर लिहायला बसलेला प्रत्येक जण सूर्यास्ताला पैठणी नेसवतो, तू तरी नेसवू नकोस. अख्खी नोकरी पाटबंधाऱ्यात काढलीस. नाथसागराच्या भिंतीवर उभं राहून तू जे पाहिलंस त्यातलं या चार ओळींत काय आहे? त्या उचलून उजनीवर ठेवल्या तरी चालतील, कोयनेवर ठेवल्या तरी चालतील. वर्णनाचं वाक्य जागचं हलवून दुसऱ्या गावी नेलं आणि काहीच बिघडलं नाही, तर ते त्या जागेचं कधी नव्हतंच.

(‘लालचुटुक’वर वेगळी फुली मारली आहे. डाळिंबाचा दाणा लालचुटुक, पोपटाची चोच लालचुटुक. त्यात एक चिमुकलेपण आहे. एवढा थोरला सूर्य लालबुंद होईल, तांबडाभडक होईल, चुटुक कसा होईल?)

पैठणी आणायचीच असेल तर विणकराच्या मागावरून आण. उभा धागा एका रंगाचा, आडवा दुसऱ्या रंगाचा, त्यामुळे कापड हललं की रंग पालटतो. धूपछाव म्हणतात ती. संध्याकाळी भिंतीवरून चालताना पाणी तसं दिसतं का? दिसत असेल तर एवढंच लिही, की उभं राहिलो तिथून पाणी जांभळं दिसत होतं, चार पावलं पुढे गेलो तर तांबूस झालं. पैठणीचं नावही काढू नकोस. ज्याला आठवायची त्याला ती आठवेल.

मी पुण्यात बसून तुला हे शहाणपण सांगतोय, पण शिकायचं ते सगळं तुझ्याच गावात आहे. सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान म्हणजे तुझं पैठण. त्यांच्यातल्या हाल राजाच्या नावावर असलेली ‘गाथासप्तशती’ महाराष्ट्री प्राकृतातली, आपल्या मराठीच्या आजीच्या भाषेतली. तिच्यात अगदी सुरुवातीला एक गाथा येते. कोणी एक बाई आपल्या माणसाला म्हणते: बघ ना, कमळाच्या पानावर बगळी कशी निश्चल, निःस्पंद शोभून दिसतेय, स्वच्छ पाचूच्या ताटात ठेवलेल्या शंखशिंपल्यासारखी. झालं, दोन ओळी. वरवर पाहिलं तर नुसतं पक्षिनिरीक्षण. पण अकराव्या शतकात काव्यशास्त्री मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त हीच गाथा उदाहरणाला घेतली आणि विचारलं, बगळी हलत का नाही? कारण तिला भय नाही. भय नाही कारण इथे माणूसकाणूस फिरकत नाही. म्हणजे ती बाई सांगतेय की भेटायला हीच जागा बरी. पुढे तो आणखी एक अर्थ देतो, तो तर मला फारच आवडतो. ती त्याला पकडतेय: खोटं बोलतोस, तू इथे आलाच नव्हतास, आला असतास तर ही बगळी अशी बसली असती का?

आता त्या उपमेकडे परत बघ. पाचूचं ताट आणि त्यातला शिंपला. हिरव्यावर पांढरं, रंग जुळले. पण शिंपला ही निर्जीव वस्तू आहे, ठेवली तिथे राहणारी. उडू शकणाऱ्या पक्ष्याला तिने न हलणाऱ्या वस्तूच्या पंक्तीला बसवलं. सगळी गाथा ज्या निश्चलपणावर उभी आहे, नेमका तोच उपमेने घट्ट केला. शिंपल्याऐवजी कवीने मोगऱ्याचं फूल घातलं असतं तर रंग जमला असता, पण फूल वाऱ्याने हलतं आणि सगळा डाव फिसकटला असता. तुझा शालू यापैकी काय करतो, सांग. निळा आहे एवढंच ना? आणि तेही खरं नाही. तूच तिसऱ्या पानावर लिहिलंयस की मे महिन्यात पाणी मातकट होतं आणि कडेला शेवाळाचा हिरवा तवंग धरतो.

तुझं सगळ्यात चांगलं पान सातवं. २०१९चा उन्हाळा, पाणी मृतसाठ्याखाली गेलेलं, जुन्या गावठाणातले चौथरे उघडे पडलेले आणि तू मायला जीपमधून तिथे घेऊन गेलास. भेगाळलेला गाळ, त्यात अर्धं रुतलेलं उखळ, उखळाच्या आत चिकटलेले शिंपले. ‘हितं चूल होती,’ असं म्हणत माय पुढे गेली आणि ओट्याच्या दगडावर पाय ठेवायच्या आधी तिने चपला काढल्या.

वश्या, हे वाक्य वाचून मी पेन्सिल खाली ठेवली. भिंत नाही, छप्पर नाही, दार नाही, आणि ती बाई घरात शिरताना काढाव्यात तशा चपला काढते. यात एकही ‘जणू’ नाही. आपल्याला शाळेत स्वभावोक्ती म्हणून एक अलंकार होता, आठवतो? वस्तू जशी आहे तशी, हुबेहूब सांगणं. परीक्षेत कोणी तो लिहीत नसे, कारण त्यात अलंकार कुठे दिसतच नाही. यावर जुन्या पंडितांचीही चांगलीच जुंपली होती. दंडीने आपल्या यादीत स्वभावोक्तीला पहिला मान दिला, आद्य अलंकार म्हटलं. काश्मीरच्या कुंतकाला ते मुळीच मान्य नव्हतं. त्याचं म्हणणं, वस्तूचा स्वभाव हे तर काव्याचं शरीर, शरीरच दागिना झालं तर दागिना घालायचा कशावर? तर्काने पाहिलं तर कुंतक जिंकतो. पण तुझं सातवं पान हातात असताना मी दंडीच्या बाजूचा. नुसतं बिनचूक पाहणं आणि पाहिलेल्या शंभर गोष्टींतून चपलांची एकच गोष्ट उचलणं, यात सगळी कलाकुसर आली.

आणि त्यापुढे तू काय केलंस? ‘तिच्या डोळ्यांतून अश्रूंचा महापूर लोटला, जणू गोदामाईच पुन्हा…’ पुढचं लिहवत नाही. पैठणला राहून एकनाथांची ओवी विसरलास? शके १५०६ला नाथांनी ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला. आम्हा मुद्रितशोधकांचे ते मूळपुरुषच म्हण. काम संपवून त्यांनी बजावून ठेवलं, की यात जो कोणी पदरची ओवी घालील ‘तेणें अमृताचे ताटीं, जाण नरोटी ठेविली’. नरोटी म्हणजे करवंटी, आणि तुझा महापूर ही नरोटी आहे. काढून टाक. मायच्या चपलांनंतर परिच्छेद संपव, पुढच्या ओळीवर थेट गाळपेराकडे, म्हणजे पाणी ओसरलेल्या गाळातल्या पेरणीकडे जा.

आता तू उसळणार, मला माहीत आहे. म्हणशील, ज्ञानोबा आमच्या आपेगावचे, ते तर एकावर एक दृष्टांत रचतात, त्यांना नाही कोणी फुली मारली. खरं आहे. पण ते समजावतात कशाला? आत्मा, ज्ञान, योग. डोळ्यांनी न दिसणाऱ्या गोष्टी. एका बाजूने दाखवून पुरत नाही म्हणून चार बाजूंनी दाखवतात, आणि प्रत्येक दृष्टांत नवी बाजू उजळतो. तुझं धरण सगळ्यांना दिसतं. त्याला चार उपमा दिल्यास तर वाचक पाणी सोडून उपमाच बघत बसेल.

ज्ञानोबांकडून घ्यायचंच तर सहाव्या अध्यायाच्या सुरुवातीचं घे. मराठी बोल अमृताशीही पैज जिंकतील असं म्हटल्यावर लगेच पुढे इंद्रियांचं भांडण लावलंय. शब्द हा खरं तर कानाचा विषय, पण जीभ म्हणते हा रस आमचा, नाकाला वाटतं हा परिमळ आपला, डोळे म्हणतात ही तर रूपाची खाण उघडली. ‘श्रवणींचि होति जिभा’, कानालाच जिभा फुटतात! तुझा सगळा मजकूर डोळ्यांनी लिहिलाय. गाळ दिसतो, पण त्याचा वास कुठे आहे? इतकी वर्षं पाण्याखाली राहून उघड्या पडलेल्या जमिनीला कुबट वास येतो, आंबूस येतो, का नुसता माशांचा? जीपमधून उतरल्यावर पायाखाली काय वाजलं? उन्हात वाळलेला शिंपला टाचेखाली फुटतो त्याचा आवाज तुला माहीत आहे, मला नाही. मला तो ऐकायचाय.

बालकवींचा ‘औदुंबर’ तुला पाठ होता, वसतिगृहाच्या गच्चीवर म्हणून दाखवायचास. आता तो कवितेसारखा म्हणू नकोस, सर्व्हेच्या नकाशासारखा वाच. आठच ओळी. झरा, मग टेकडीकडचं चार घरांचं गाव, मग शेतमळे, मग त्यांतून अडवीतिडवी जाणारी पायवाट, कुरणातून ती उतरते डोहाकडे. नजर लांबून जवळ आणि वरून खाली येते. रंग बघ: हिरवाळी, निळासावळा, पुन्हा हिरवी, पायवाट पांढरी, आणि मग काळा डोह. इतका वेळ सगळा हिशेब जवळपास साधा चाललाय. शेतांची ‘गर्दी’ झाली तेवढीच काय ती सूट. आणि मग शेवटच्या ओळीत, ‘पाय टाकुनी जळात बसला असला औदुंबर’, झाडाचं एकदम माणूस होतं. चेतनगुणोक्तीचं उदाहरण म्हणून आपण ती ओळ घोकली, पण ती चालते कशाने हे कोणी सांगितलं नाही. आधीच्या ओळींत कवीने हात राखला म्हणून ती चालते. झरा हसला असता, पायवाट लाजली असती, टेकडीने मान डोलावली असती, तर औदुंबर बसला काय नि उठला काय, कोणाला पत्ता लागला नसता. तुझ्याकडे दुसऱ्याच पानात लाटा खिदळतात, वारा शीळ घालतो आणि बाभळी कुजबुजतात. एवढ्या गलक्यात मायचं ‘हितं चूल होती’ ऐकू कसं येणार?

आवाजाचं निघालंच आहे म्हणून. दरवाजे उघडतात त्या प्रसंगी ‘जलप्रपाताचा गंभीर निनाद’ असं का लिहिलंस? समर्थांनी शिवथरघळीवर लिहिताना ‘धबाबा लोटती धारा, धबाबा तोय आदळे’ म्हटलं. तो ‘धबाबा’ कोशात शोधायची गरज पडत नाही, तोंडाने म्हटला की छातीत आदळतो. तो उसना घे असं नाही म्हणत. २७ दरवाजे आहेत. त्यातला एक अर्धा फूट उचलला तर काय ऐकू येतं आणि सगळे उघडल्यावर काय, भिंतीवरच्या कठड्याला हात लावला तर तो थरथरतो का, हे तुझ्याशिवाय कोण सांगेल?

शेवटचं आणि माझ्या मते महत्त्वाचं. खात्यातले शब्द तू मुद्दाम टाळलेले दिसतात. सातव्या पानावर एकदा ‘मृतसाठा’ येतो, तोही अवतरणचिन्हांत, जणू माफी मागून. (बघ, तुझ्या नादाने माझ्याही हातून ‘जणू’ आला.) फुगवटा, बुडीत क्षेत्र, विसर्ग, गाळपेर, मृतसाठा. अरे, हे शब्द म्हणजे तुझी पोतडी आहे. धरणाच्या तळाचं, कालव्यात न चढणारं पाणी म्हणजे मृतसाठा, एवढं एकदा साध्या वाक्यात सांग. मग ‘पाणी मृतसाठ्याखाली गेलं तेव्हा आमचं गाव वर आलं’ असं लिही आणि गप्प बस. ‘काळाच्या उदरात गडप झालेलं माझं चिमुकलं गाव’ यापुढे फिकं पडेल. तीच गोष्ट पक्ष्यांची. ‘नानाविध रंगीबेरंगी विहंग’ कशाला, तुमच्याकडे हळदी-कुंकू बदक आहे ना! काळ्या चोचीच्या टोकाला पिवळं आणि बुडाशी तांबडे ठिपके, हे पाहून कोणा अनामिकाने कधीच रूपक करून ठेवलंय, तू फक्त नाव लिहायचंस. काठीसारख्या तांबड्या पायांवर उभा असतो तो शेकाट्या, त्यालाही घे.

व्याकरणाचं फार काही नाही, समासात खुणा केल्या आहेत. पान चार आणि पाच एकत्र कर. साखर कारखान्याचा उतारा काढला तरी चालेल, तो दुसऱ्या लेखाचा ऐवज आहे. संपादकांना मजकूर गणपतीपूर्वी हवा आहे, तेव्हा चालढकल करू नकोस. सगळं नव्याने लिहू नकोस, नुसतं खोडत जा, आणि खोडून जिथे भोक पडेल तिथेच काय पाहिलं होतं ते आठव.

मायला नमस्कार सांग. वहिनींच्या हातच्या शेंगदाण्याच्या चटणीची बरणी कधीच संपली, हेही सांग.

तुझा,
शऱ्या

ता. क. मायच्या घरामागची विहीर तू एका शब्दात उरकली आहेस. तिच्यावर मोट होती की रहाट? आणि पाणी पडायचं ते थारोळं अजून शाबूत आहे का? मायला विचार आणि ती सांगेल ते तिच्याच शब्दांत लिही, ‘हितं’चं ‘इथं’ करू नकोस.