दोष पायांचा नव्हता

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विश्वचषक फुटबॉलचे वारे वाहू लागले की एक गोष्ट हमखास छापून येते. १९५० साली भारत ब्राझीलच्या विश्वचषकाला पात्र ठरला होता, पण आपले खेळाडू अनवाणी खेळत आणि ‘फिफा’ला ते चालत नव्हते, म्हणून संघ गेलाच नाही. आपल्या क्रीडा पानावरही ती चौकटीत वाचली. ही गोष्ट छापणे आता थांबवावे, एवढ्यासाठी हे पत्र.

१९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये आपले बहुतेक खेळाडू अनवाणीच उतरले आणि फ्रान्सकडून १-२ असे हरले, तेही दोन पेनल्टी वाया घालवून. १९५२ साली हेलसिंकीत युगोस्लाव्हियाने १०-१ असा धुव्वा उडवला, तेव्हाही संघात बूट न घालणारे होते. बुटांची सक्ती झाली ती त्यानंतर. मग मधल्या १९५० मध्येच पाय कसे आडवे आले? पात्रता गटातल्या इतर संघांनी माघार घेतल्याने आपल्याला जागा आयती मिळाली होती. भारतीय फुटबॉल महासंघाला तिचे मोल कळले नाही. आम्हाला ऑलिंपिक म्हणजेच सर्वस्व वाटे, विश्वचषकाची कल्पनाच नव्हती, असे कर्णधार शैलेन मन्ना यांनीच पुढे सांगितले होते. निर्णय कचेरीत चुकला आणि खापर खेळाडूंच्या पायांवर फुटले.

या दंतकथेमुळे खरा पराक्रम झाकला जातो, याचे मला जास्त वाईट वाटते. १९५६ मध्ये मेलबर्नला भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरवले. त्यातले तीन गोल नेव्हिल डिसूझांचे. मूळचे गोव्यातल्या आसगावचे, मुंबईत टाटांच्या संघाकडून खेळणारे. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा हा पहिला आशियाई खेळाडू. उपांत्य सामन्यात युगोस्लाव्हियाविरुद्ध पहिला गोलही त्यांचाच. पुढे आपण १-४ असे हरलो आणि अखेर चौथे आलो. आज कुपरेजच्या मैदानावर सरावाला येणाऱ्या किती मुलांना हे नाव ठाऊक असेल?

आणि १९६२ चे जकार्ताचे आशियाई खेळ! इस्रायल आणि तैवानला यजमानांनी दूर ठेवले, त्यावर भारतीय पदाधिकारी सोंधी यांनी जाहीर टीका केली आणि तिथली जनता खवळली. अंतिम सामन्याला लाखभर प्रेक्षक, बहुतेक सगळे आपल्या विरोधात. राष्ट्रगीताच्या वेळीही हुर्यो. समोर दक्षिण कोरिया, ज्यांनी साखळीत आपल्याला २-० ने हरवले होते. बचावपटू जर्नेल सिंग यांच्या डोक्याला टाके पडलेले. प्रशिक्षक रहीम साहेबांनी त्यांना थेट आघाडीला खेळवले. पी. के. बॅनर्जींनी पहिला गोल केला, दुसरा जर्नेल यांनी. २-१, सुवर्णपदक. रहीम साहेब तेव्हा कर्करोगाशी झगडत होते. पुढच्याच वर्षी ते गेले. १९६४ च्या आशिया चषकात आपण उपविजेते ठरलो आणि १९७० मध्ये बँकॉकला कांस्यपदक मिळाले. त्यानंतर आशियाई खेळांत फुटबॉलचे पदक नाही.

पुढची उतरण सगळ्यांनी पाहिली आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये मडगावच्या फातोर्ड्यावर सिंगापूरकडून १-२ असे हरून आपण २०२७ च्या आशिया चषकाबाहेर पडलो. खेळाडूंना नावे ठेवणाऱ्यांनी एवढे आठवावे की २०२२ मध्ये ‘फिफा’ने आपल्या महासंघाला निलंबित केले होते आणि २०२५ मध्ये व्यावसायिक हक्कांचा करार रखडल्याने देशाची मुख्य लीगच वेळेवर सुरू झाली नाही. कचेरीतला घोळ पंचाहत्तर वर्षांनंतरही तसाच आहे.

खेळाची ओढ मात्र आटलेली नाही. आमच्या कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार हे तालमींचे संघ समोरासमोर आले की पेठाच्या पेठा लोटतात. इथलाच अनिकेत जाधव २०१७ चा १७ वर्षांखालील विश्वचषक भारताकडून खेळला. अशी पोरे गल्लोगल्ली आहेत.

तेव्हा विनंती अशी की, पुढच्या विश्वचषकाच्या वेळी त्या चौकटीत नेव्हिल डिसूझांची मेलबर्नची हॅटट्रिक छापावी. आणि आपल्या वार्ताहराने महासंघाला एक साधा प्रश्न विचारावा: जिल्ह्याच्या गावातल्या १५ वर्षांच्या मुलाला वर्षाला स्पर्धात्मक सामने किती मिळतात? उत्तर येईल ते आकड्यासकट पहिल्या पानावर घ्यावे.

आपला,
एक वाचक, कोल्हापूर