तिकिटं काढली आहेत

तीर्थरूप बाबा आणि आई,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर हा विषय काढला की बाबा "बघू" म्हणतात आणि फोन आईकडं देतात. आई म्हणते, "यांनाच विचार." म्हणून पत्र लिहायलेय. भैय्या छापून आणून देईल. रागवायचं असेल तर सगळं वाचून झाल्यावर रागवा.

या उन्हाळ्यात मी लातूरला येत नाही. तुम्ही दोघांनी इकडं यायचंय, स्कॉटलंड बघायला. हैदराबादहून 8 मेची तिकिटं काढली आहेत, परतीची 30 मेची. म्हणजे मृग लागायच्या आत बाबा वावरात असतील. पेरणीचं कारण त्यामुळं चालणार नाही. व्हिसासाठी ठसे द्यायला गेलो तेव्हा बाबा म्हणाले होते, "लागला तर असावा." लागलाय.

न विचारता तिकिटं काढली, हे चुकलं असेल. पण विचारलं असतं तर गाय वेणार होती, आत्याकडचं लग्न होतं, घराला कुलूप बरं दिसत नाही, हे सगळं मला पाठ आहे. गाईचं वहिनी बघणार आहे. लग्न जूनमध्ये आहे. पैशांचं विचारू नका. कर्ज काढलं नाही, कुणाकडून घेतलेही नाहीत. दोन वर्षं दर महिन्याला बाजूला ठेवत होते. डॉक्टरांशीही मी स्वतः बोलले. औषधं वेळेवर घेतली आणि दमेल असं चालणं टाळलं तर जायला हरकत नाही, असं ते म्हणाले.

मागच्या वर्षी बाबांना स्टेंट टाकला तेव्हा मला दोन दिवसांनी कळलं. भैय्यावर माझा राग नाही. पण त्या व्हिडिओ कॉलवर बाबा हसत होते आणि मागं खुर्चीत आईचा नुसता पदर दिसत होता. तो पदर अजून डोळ्यांपुढून जात नाही. तेव्हाच हे मनात पक्कं झालं.

आणि बाबा, एक गोष्ट कधी बोलले नाही. दर डिसेंबरला तुमची शाळेची सहल दौलताबाद-वेरूळला निघायची. आई पहाटे तीनला उठून दुधात पीठ मळायची, पन्नास पोरांच्या दशम्या करायची. वर शेंगदाण्याची चटणी. सगळं धडप्यात बांधून फाट्यापर्यंत यायची. लाल एसटी सुटली की ती तिथंच उभी राहून हात करायची. मी खिडकीतून बघायचे. लेकरांनी गाडी भरलेली असायची, आईला कधी जागा उरली नाही. दोष तुमचा नाही. तेव्हा आपलं तसंच होतं. पण या सहलीत खिडकीची जागा आईची आहे, हे मी आत्ताच सांगून ठेवते.

आधी चार दिवस माझ्या घरी नुसता आराम, मग एडिंबरा. बाबा, तिथला किल्ला बघून तुम्हाला देवगिरीच आठवेल. विझलेल्या ज्वालामुखीच्या खडकावर उभा आहे, तीन बाजूंनी सरळ कडा. रविवार सोडून रोज दुपारी एकला तिथून तोफ उडते. 1861 पासून. समुद्रातल्या जहाजांनी त्यावर घड्याळं लावावीत म्हणून सुरू केली होती. तुम्ही अजून आकाशवाणीच्या बातम्यांवर घड्याळ लावता ना, त्या दिवशी तोफेवर लावा. पुढं स्टर्लिंगला बॅनकबर्नचं रण आहे, स्कॉट लोकांनी इंग्रजांना हरवलं ते, 1314 चं. आपल्याकडं देवगिरीच्या यादवांची अखेर व्हायची होती, त्याच सुमाराचं. वर्गात शिकवायचात तसं मला तिथं उभं राहून सांगायचं.

मग डोंगराळ मुलूख. उंची ऐकून घाबरू नका. इथला सगळ्यात उंच बेन नेव्हिस 1345 मीटरचा, आपलं कळसूबाई 1646. तरी मे महिन्यातसुद्धा त्याच्या घळींत बर्फ दिसतो. ग्लेन्को नावाच्या खोऱ्यातून जाऊ. 1692 च्या फेब्रुवारीत सैनिक तिथल्या लोकांकडं पाहुणे म्हणून जवळजवळ दोन आठवडे राहिले, त्यांचंच अन्न खाल्लं आणि एका पहाटे यजमानांनाच मारलं. अडतीसेक माणसं गेली. आई, दारात आलेल्या कुणालाही तू जेवल्याशिवाय सोडत नाहीस, म्हणून तिथं गेले तेव्हा तूच डोळ्यांपुढं आलीस.

पुढं स्काय बेट. आई, पाण्याची भीती नको, 1995 पासून पूल आहे, गाडी थेट जाते. तिथले कडे आपल्यासारखेच काळ्या दगडाचे, लाव्हा थिजून झालेले. वेरूळच्या दगडाची जात. बाबा, हात लावून बघा.

एक गोष्ट आधी सांगते. त्या बेटावर रानात घरं दिसतात, भिंती उभ्या आहेत आणि वर छप्पर नाही. जमीनदारांनी मेंढ्या पोसायला कुळांना हाकललं, कितीतरी लोक कॅनडाला गेले, त्यांची ती घरं. मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा गाडी बाजूला घेऊन बराच वेळ बसून राहिले. मला आपलं जुनं गाव दिसलं. बाबा, तुम्हाला तिथं थांबायचं नसेल तर नुसतं "चल" म्हणा, मी गाडी पुढं घेईन. थांबायचं असेल तर आपण थांबू, कितीही वेळ.

शेवटी आयोना. एवढ्यासाठी मात्र बोटीत बसावं लागेल, शेवटची छोटी बोट दहा मिनिटांची. संत कोलंबा 563 साली आयर्लंडहून तिथं आला आणि मठ बांधला. बारकंसं बेट, पाहुण्यांच्या गाड्या नेता येत नाहीत, शांत. नाथषष्ठी उरकल्यावर पैठणचा घाट जसा शांत होतो, तसं. आईनं अजून समुद्र पाहिला नाही. तिथं पाहील.

आता नीट ऐका. हॉटेलं नाहीत, सगळीकडं स्वयंपाकघर असलेली घरं घेतली आहेत. खाली झोपायची खोली, गरम पाणी, बाबांसाठी कमोड. शाकाहारी मिळतं, तरी आई, ज्वारीचं पीठ आण. तूप, पेढे, खवा आणायचा नाही, इथं येऊ देत नाहीत. बाबांची औषधं आणि चिठ्ठी हातातल्या पिशवीत, बॅगेत टाकायची नाहीत. विमानतळावर व्हीलचेअर सांगितली आहे, बसायचं म्हणजे बसायचं. तिथं हट्ट नको, बाबा. किल्ल्याचा चढ पायी जमत नाही त्यांच्यासाठी गाडी असते, तीही घेऊ. स्वेटर दोन आणा. तुमच्याकडं बेचाळीस असेल तेव्हा इकडं बारा-पंधरा असतं. रात्री नऊ-साडेनऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळं दिवा कधी लावायचा हे आईनं ठरवायचं.

आणि आई, तू दशम्या करून आणू नकोस. पीठ तेवढं आण. निघायच्या दिवशी पहाटे मी करीन. तू पडून राहा.

तुमची,
ताई