'मॅचिंग' म्हणून विकलेली रायफल परत घेण्याबाबत

प्रति,
व्यवस्थापक, विक्री विभाग

महोदय,

फोनवर आपण मराठीत बोललात, म्हणून ह्यूस्टनमधून लिहीत असूनही हे पत्र मराठीतच. इंग्रजी प्रत सोबत आहे, ती तुमच्या वकिलांसाठी.

गेल्या महिन्यात तुमच्याकडून मॉझर के९८के, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली जर्मन रायफल, घेतली. जाहिरात अशी: सगळे नंबर जुळणारी (म्हणजे सुट्या भागांवर याच रायफलीचा मूळ नंबर), अमेरिकन सैनिकाने युद्धावरून घरी आणलेली. त्या भरवशावर २,४०० डॉलर मोजले.

रिसीव्हरबद्दल, म्हणजे रायफलीच्या मुख्य सांगाड्याबद्दल, तक्रार नाही. त्यावरचं 'बीवायएफ' म्हणजे ओबर्नडॉर्फचा मॉझर कारखाना, '४३' म्हणजे १९४३. घोडं पेंड खातं ते बोल्टपाशी, म्हणजे काडतूस आत सारणाऱ्या सरकत्या खिट्टीपाशी. बोल्टवर गरुडाखाली ६२३ आहे, म्हणजे ऑस्ट्रियातल्या श्टायर कारखान्यातला तपासणीचा ठसा. ओबर्नडॉर्फच्या त्या सालच्या बोल्टवर १३५ हवा. मग दुसऱ्या कारखान्याच्या बोल्टवर याच रायफलीचा नंबर आला कसा? भिंगाखाली उत्तर सापडलं. आकड्यांभोवती धातू घासलेला आहे आणि खाली इलेक्ट्रिक पेनने कोरलेल्या जुन्या नंबरच्या रेषा अजून दिसतात. पेनने असा नंबर कोरणं ही सोव्हिएत शस्त्रागारांची पद्धत. युद्धात हाती लागलेल्या जर्मन रायफली तिथे खोलून, साफ करून पुन्हा जोडल्या. कुठला बोल्ट कुठल्या रायफलीचा, याची फिकीर कोणी केली नाही. दस्त्यावरचं शेलॅक खरवडून काढलंय, पण बटप्लेटच्या (दस्त्याच्या मागच्या टोकावरच्या पत्र्याच्या) कडेला तांबूस थर राहिलाच.

नळीच्या टोकाशी, खालच्या बाजूला, बारीक अक्षरांत आयातदाराचं नाव आहे. १९६८च्या कायद्यापासून आयात केलेल्या बंदुकीवर ते लागतं. सैनिकाने १९४५ साली सामानात घालून आणलेल्या रायफलीवर ते कुठून येणार? तुमच्या चौदा फोटोंत नळीचं ते टोक एकदाही दिसत नाही.

यावर तुमच्या माणसाचं म्हणणं: तपासणीची तीन दिवसांची मुदत संपली, आणि 'नंबर जुळतात' एवढंच आम्ही लिहिलं होतं. मुदतीचं मान्य, बोल्ट पहिल्याच दिवशी भिंगाखाली घ्यायला हवा होता, ती चूक माझी. पण हे नंबर जुळलेले नाहीत, जुळवलेले आहेत. ठोकले कोणी, मला माहीत नाही. विकलेत तुम्ही.

'रशियन कॅप्चर' म्हणून, त्या भावात, हीच रायफल मी आनंदाने घेतली असती. पूर्व आघाडीवरून सोव्हिएत गोदामात आणि तिथून टेक्ससला आलेली वस्तू काय कमी मोलाची? तिचा तो प्रवास पुसून वर सैनिकाची गोष्ट चिकटवली, याचा राग आहे.

पूर्ण रक्कम आणि परत पाठवण्याचा खर्च दहा दिवसांत द्यावा. रायफल पुन्हा विकायला काढाल तेव्हा ६२३चा ठसा आणि आयातदाराचं नाव, दोन्हींचे फोटो जाहिरातीत टाकावेत. बोल्टचे मी काढलेले नऊ फोटो सोबत आहेत, हवे तर तेच वापरा.

आपला,
एक संग्राहक