शरीरात राहून गेलेली नळी

रामबाग, इंदूर
14 जून

प्रिय शरद,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू सांगितलेस की तुलाही मूत्रवाहिनीतील खड्यासाठी दुर्बिणीची शस्त्रक्रिया सुचवली आहे आणि पुढच्या महिन्यातील तारीखही मिळाली आहे. तेव्हापासून मला चैन नाही. गेल्या वर्षीच्या माझ्या दुखण्याविषयी मी तुला 'थोडा त्रास झाला, आता बरा आहे' एवढेच कळवले होते. तुझ्यापासून ते लपवून ठेवण्यात माझी चूक झाली. म्हणून आज सगळी हकिगत लिहितो आहे; वहिनींनाही वाचायला दे.

मला 3 जुलैला दाखल केले. खडा 11 मिलिमीटरचा होता आणि मूत्रपिंडाच्या थोडा खाली अडकला होता. तो औषधाने पडणार नाही, लेसरने फोडावा लागेल, हे डॉक्टरांचे म्हणणे योग्यच होते आणि त्याबद्दल माझी आजही तक्रार नाही. खर्चाचा अंदाज सत्तर हजारांचा दिला होता. सकाळी नऊची वेळ होती, म्हणून आदल्या रात्रीपासून मी उपाशी होतो. प्रत्यक्षात मला आत नेले दुपारी अडीचला. स्ट्रेचर दारापाशी थांबवून एका मुलाने हिच्यापुढे चार पानी इंग्रजी संमतीपत्र धरले आणि 'आंटीजी, यहाँ और यहाँ साइन' म्हणून बोट ठेवले. त्यातल्या रिकाम्या जागा तेव्हा रिकाम्याच होत्या. हिने सही केली. त्या क्षणी कोण काय वाचणार?

भूल मणक्यातून दिली होती, त्यामुळे मी जागा होतो. कमरेखाली काही कळत नव्हते, पण कानांवर सगळे येत होते. शेवटी शेवटी कोणीतरी म्हणाले, 'डीजे डाल दो, फिर बंद करते हैं.' हे शब्द मी स्पष्ट ऐकले. त्यांचा अर्थ मला ठाऊक नव्हता आणि नंतरही कोणी सांगितला नाही. त्या एका वाक्यात माझ्या पुढच्या सात महिन्यांचे दुखणे होते, म्हणून ते मी इथे मुद्दाम लिहून ठेवतो.

तिसऱ्या दिवशी, 6 तारखेला सकाळी दहा वाजता, 'आज घर जा सकते हैं' असे सांगून सुई काढली. मग आम्ही कपडे बदलून, पिशव्या भरून खोलीत बसून राहिलो. विमा कंपनीची मंजुरी आली नाही, फाइल खालच्या खिडकीवर आहे, संगणक बंद आहे, अशी उत्तरे ऐकत रात्रीचे नऊ वाजले आणि बिलात खोलीचा आणखी एक दिवस चढला. कॅशलेसमध्ये डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यावी आणि उशिरामुळे वाढलेला खर्च विमा कंपनीने सोसावा, असे विमा नियामक प्राधिकरणाचे 2024 चे परिपत्रक आहे, हे मला फार नंतर कळले.

बिल 1,18,400 रुपयांचे झाले. कंपनीने 71,250 मंजूर केले आणि उरलेले 47,150 भरल्याशिवाय निघता येणार नव्हते. मुलाने जिन्यात उभे राहून मित्रांना फोन केले, तेव्हा पैसे जमले. बँकेत चौतीस वर्षे मी दुसऱ्यांच्या आकड्यांवर खूण करत आलो, पण त्या रात्री माझ्याच बिलाची पाने माझ्याने उलटवली गेली नाहीत. ती मी पंधरा दिवसांनी, ताप उतरल्यावर, पेन्सिल घेऊन तपासली. माझ्या पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा दिवसाला 3,000 आहे आणि आम्हाला दिलेली खोली 4,500 ची होती. साधी खोली रिकामी नाही, असे सांगूनच ती दिली होती. मात्र भाडे मर्यादेबाहेर गेले की बाकीच्या खर्चावरही त्याच प्रमाणात कात्री लागते, हे विम्याच्या खिडकीवर बसलेल्या मुलीने सांगितले नाही. कंपनीने हातमोजे, मास्क अशा वस्तूंचे 11,525 आधी वगळले आणि उरलेल्या संपूर्ण बिलाचे दोन तृतीयांशच धरले. डॉक्टर, शस्त्रक्रियागृह आणि नर्सिंग यांच्या खर्चाला ही कपात लागू शकते. औषधे, इम्प्लांट आणि तपासण्यांना ती लावता येत नाही, असे प्राधिकरणाने 2020 मध्येच ठरवून दिले आहे. त्या हिशेबाने माझे 12,158 रुपये चुकीने कापले गेले होते. मी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला कोष्टकासह पत्र लिहिले आणि उत्तर न आल्यास भोपाळच्या विमा लोकपालांकडे जाईन, असे खाली नमूद केले. पैसे आले. पण शरद, बिलाच्या त्याच पानांत 'स्टेंट' या नावाने एक रक्कम होती आणि मी तीही खूण करून पुढे सरकलो. मला ती खर्चाची एक ओळ वाटली. ती वस्तू कुठे आहे, असे विचारण्याचे मला सुचले नाही.

घरी आल्यापासून लघवीला जळजळ होती, अर्ध्या तासाने उठावे लागे आणि थोडे चालले की लघवी तांबूस होई. रुग्णालयात फोन केला तर 'पानी ज़्यादा पीजिए अंकल, होता है'. दहाव्या दिवशी दाखवायला गेलो. चार ते सात बसल्यावर एका तरुण डॉक्टरने दोन मिनिटे पाहिले, फाइल उघडली नाही, प्रतिजैविकाच्या गोळ्या लिहिल्या आणि 800 रुपयांची पावती हातात आली. पुढे तीनदा जंतुसंसर्ग झाला म्हणून आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी उपचार केले. राजवाड्यापर्यंतचे माझे रोजचे फिरणे सुटले. गणपतीत आरती पूर्ण होईपर्यंत मी उभा राहू शकलो नाही, एवढे सांगितले म्हणजे तुला कल्पना येईल.

फेब्रुवारीत थंडी वाजून ताप भरला आणि डाव्या कुशीत कळा येऊ लागल्या. मुलाने पलासियाला दुसऱ्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी पोटाचा एक्स-रे सांगितला. एक्स-रे काढणाऱ्या माणसाने फिल्म उजेडावर धरली आणि सहज विचारले, 'अंकल, नली कब डलवाई थी?' मी म्हणालो, कसली नळी? त्याने बोटाने दाखवले. मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत एक बारीक पांढरी रेघ, दोन्ही टोकांना गोल वळलेली, आणि वरचे टोक इतके जाड की तिथे जणू दुसरा खडाच बसला आहे.

त्या रात्री कपाटातून डिस्चार्जचा कागद काढला. दुसऱ्या पानावर, औषधांच्या यादीखाली, बारीक इंग्रजी अक्षरांत लिहिले होते की डावा डीजे स्टेंट, म्हणजे हीच दोन्ही टोकांना वळलेली नळी, आत आहे. आणि त्यापुढे 'गरज वाटल्यास दाखवावे'. काढण्याची तारीख नाही. हिने तो कागद हातात घेतला आणि खाली ठेवला, बोलली काही नाही.

आता जे मला समजले ते सांगतो, कारण तुलाही बहुधा अशीच नळी घालतील. शस्त्रक्रियेनंतर मूत्रवाहिनी सुजते, लघवी तुंबू नये म्हणून हा मऊ स्टेंट ठेवतात, आणि ठेवणे बरोबरच आहे. साधारणपणे तो काही आठवड्यांत काढतात. जागेपुरती जेलची भूल देऊन, दुर्बिणीतून, पाच-दहा मिनिटांत ते काम होते. मात्र तो महिनोन् महिने राहिला तर लघवीतील क्षार त्यावर चढतात, आणि मग ओढला तर मूत्रवाहिनीला इजा होण्याचा किंवा नळीच तुटण्याचा धोका असतो. माझ्या बाबतीत पूर्ण भूल देऊन, लेसरने ते क्षार फोडून, दोन बैठकांत तो काढावा लागला. खर्च 86,000 झाला. दुसऱ्या डॉक्टरांनी ती नळी बाटलीत घालून मला दाखवली. बोअरिंगच्या पाण्याने बादलीला आतून चढते तशी पिवळट, खरखरीत खपली तिच्या वळलेल्या टोकावर होती. ती बाटली मी जपून ठेवली आहे.

मग मी पहिल्या रुग्णालयाकडे माझी संपूर्ण फाइल मागितली. 'वकील के साथ आइए' असे उत्तर मिळाले. वैद्यक परिषदेच्या 2002 च्या नियमावलीप्रमाणे कागद तीन वर्षे जपावे लागतात आणि रुग्णाने मागितल्यास 72 तासांत द्यावे लागतात. हे लिहून मी अर्ज दिला, त्याच्या प्रतीवर आवक शिक्का घेतला, आणि फाइल आली. त्यात शस्त्रक्रियेच्या टिपणाखाली सर्जनच्या हातचे अक्षर आहे: स्टेंट तीन आठवड्यांनी काढणे. म्हणजे त्यांनी लिहिले होते. खडाही त्यांनी चांगलाच काढला. ते वाक्य एका कागदावरून दुसऱ्या कागदावर उतरवण्याचे राहिले, आणि दहाव्या दिवशी फाइल उघडली असती तरी सापडले असते. आमच्या शाखेत मुदतठेवींच्या तारखांची वही असे आणि रोज सकाळी ती पाहिल्याशिवाय व्यवहार सुरू होत नसे. अशी स्टेंटची वही अनेक रुग्णालये ठेवतात, रुग्णाला फोन करून बोलावतात. माणसाच्या शरीरात ठेवलेल्या वस्तूची कोणाकडेच नोंद नसावी, याचा मला अजून संताप येतो. पैशांचा राग केव्हाच ओसरला.

जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करायची ठरवली आहे. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये स्पष्ट केले. 2019 च्या कायद्यात दोन वर्षांची मुदत आहे, आणि सेवेसाठी भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. वकील केला नाही तरी चालतो. दुसऱ्या डॉक्टरांनी त्यांचे मत लेखी देण्याचे कबूल केले आहे. ते आले की कागद पूर्ण होतील. मुलगा म्हणतो, आता सोडून द्या. मला सोडवत नाही.

तू शस्त्रक्रिया टाळू नकोस, एवढी विनंती आहे. खडा तसाच ठेवला तर मूत्रपिंड निकामी होऊ शकते. दाखल होण्याआधी पॉलिसीतील खोलीभाड्याची मर्यादा बघून ठेव, संमतीपत्र आदल्या दिवशी मागून घे, आणि बाहेर आल्यावर पहिला प्रश्न हाच विचार की आत काही ठेवले आहे का आणि ते कोणत्या तारखेला काढायचे. ती तारीख डॉक्टरांच्या हस्ताक्षरात डिस्चार्ज कार्डावर लिहून घेतल्याशिवाय वहिनींनी तुला रुग्णालयाबाहेर नेऊ नये. कार्ड हातात पडले की तिथूनच त्याच्या सगळ्या पानांचे फोटो मला पाठव, मागची बाजूही. मी वाचीन आणि तारीख आमच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर लाल शाईने लिहून ठेवीन. त्या दिवशी सकाळी तुला माझा फोन येईल.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अरविंद