बोअरवेलजवळ ओतलेलं थिनर: सोसायटी अध्यक्षांना पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि व्यवस्थापन समिती

विषय: बागेतल्या बोअरवेलचा पंप बंद ठेवून थिनर मुरलेली माती काढण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात जिन्याच्या ग्रिलचं आणि फाटकाचं ऑइलपेंटचं काम संपलं. रंगाऱ्यांनी उरलेलं थिनर आणि ब्रश धुतलेला गाळ बागेत ओतला, बोअरवेलच्या केसिंगपासून (तोंडाच्या पाइपापासून) जेमतेम चार फुटांवर. मी गॅलरीतून पाहिलं. त्या मुलांना चहा द्यायला खाली गेले तेव्हाही बोलले नाही, हे आधीच कबूल करते. दुसऱ्या दिवशी माळीकाकांनी वास येतोय म्हणून तिथे अर्धा तास नळी सोडली. त्यांनी केलं चांगल्या मनानेच, पण वरच्या मातीत होतं ते त्यामुळे आणखी खाली गेलं असणार. आणि गुरुवारी महापालिकेचं पाणी बंद होतं म्हणून आपण बोअर चालू करून खालच्या टाकीत सोडला.

शनिवारी बी-विंगमधून वासाची तक्रार आली. प्लंबरने ग्लासात पाणी घेऊन टीडीएस मीटर बुडवला, आकडा नेहमीचाच आला आणि विषय मिटला. तो मीटर विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो. थिनर म्हणजे क्षार नव्हे. ते कितीही असलं तरी त्या मीटरला कळणार नाही. मी रंगाच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत २६ वर्षं काढली आहेत, म्हणून एवढं ठामपणे लिहिते.

सुट्या थिनरमध्ये बहुधा टोल्यूईन, झायलीन आणि तसलेच सॉल्व्हंट, म्हणजे रंग विरघळवणारी द्रवं, असतात, कधी थोडं बेंझीनही. आपल्या डब्यांवर घटक लिहिलेलेच नाहीत, मी पाहिले. टोल्यूईन-झायलीनच्या वाफेने डोकं दुखतं, गरगरतं, डोळे चुरचुरतात. वर्षानुवर्षं श्वासात गेलं तर मज्जासंस्थेला त्रास होतो. बेंझीनची गोष्ट वेगळी. ते अस्थिमज्जेवर परिणाम करतं आणि त्याने रक्ताचा कर्करोग होतो, यात आता शंका उरलेली नाही.

सचिव म्हणाले, "एवढ्याशा थिनरने काय होतंय?" म्हणून गणित मांडते. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात टोल्यूईनची मर्यादा लिटरमागे ०.७ मिलिग्रॅम सुचवली आहे. एक लिटर टोल्यूईनचं वजन साधारण ८७० ग्रॅम. म्हणजे तेवढं एक लिटर बारा लाख लिटर पाणी त्या मर्यादेला नेऊन ठेवू शकतं. दहा हजार लिटरचे जवळजवळ सव्वाशे टँकर. सगळं पाण्यात जाणार नाही हे खरं, बरंचसं उडून गेलं असेल, काही मातीला धरून असेल. पण 'एवढंसं' हा शब्द इथे लागू पडत नाही. अमेरिकेत कॅम्प लेज्यून या लष्करी तळावर १९५३ ते १९८७ या काळात लोकांनी अशाच प्रकारच्या सॉल्व्हंटनी दूषित झालेलं पाणी वापरलं, आणि तिथल्या एका वस्तीच्या विहिरी बिघडवल्या त्या फाटकाबाहेरच्या एका ड्रायक्लीनिंगच्या दुकानाने.

आता सूचनाफलकाबद्दल. "पाणी उकळून प्यावे" ही सूचना कृपया आजच काढा. उकळल्याने जंतू मरतात. सॉल्व्हंट मात्र वाफेबरोबर स्वयंपाकघरात पसरतात, आणि बंद बाथरूममध्ये गरम पाण्याने अंघोळ करतानाही तेच होतं. घरच्या फिल्टरमधला कोळसा काही प्रमाणात धरून ठेवतो, पण तो कधी भरला हे आपल्याला कळत नाही. नाकावरही विसंबू नका. पाण्यातल्या बेंझीनचा वास जाणवायला मर्यादेच्या सुमारे हजारपट प्रमाण लागतं.

बोअरचा पंप आजच बंद करून स्टार्टरला कुलूप लावा. खालची टाकी रिकामी करायची आहे, पण त्याआधी तिची आणि पंप रूमची झाकणं-दारं उघडी ठेवून हवा खेळू द्या. ही वाफ हवेपेक्षा जड असते, खाली साचते आणि ठिणगीने पेट घेते. टाकीत माणूस उतरवायचा तर एकट्याला मुळीच नको.

माती काढायला मात्र पाण्याच्या तपासणीच्या अहवालाची वाट पाहू नका. आपल्याकडे वर फूट-दीड फूट माती, खाली मुरूम, मग काळा दगड. मातीत आहे तोवर ते फावड्याचं काम आहे. दगडाच्या भेगांत शिरलं की कुठून कुठे जाईल याचा नेम नाही, आणि मग जमिनीतून वाफ ओढणारे पंप, पाण्यात हवा सोडण्याची यंत्रणा, कोळशाचे मोठे फिल्टर, असा महिनोन्‌महिने खर्च. काढलेली माती झाकणाच्या लोखंडी पिंपात भरा. घंटागाडीत किंवा नाल्याकाठी टाकू नका. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात विचारून रांजणगावच्या घातक कचरा केंद्राकडे पाठवण्याची सोय करता येईल. खणणाऱ्यांना हातमोजे द्या, आणि तिथे विडी पेटवू देऊ नका.

पाण्याचा नमुना एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेच्या माणसानेच घ्यावा, त्यांच्या काचेच्या कुपीत, हवेचा बुडबुडा न ठेवता, बर्फात ठेवून. आपण प्लास्टिकच्या बाटलीत भरून रिक्षाने नेलं तर वाटेत उडून जाईल आणि अहवाल उगाच चांगला येईल. 'बीटेक्स'ची, म्हणजे बेंझीन, टोल्यूईन, एथिलबेंझीन आणि झायलीनची, चाचणी मागा, नुसती पिण्यायोग्यतेची नको. बोअरबरोबर खालच्या टाकीचाही नमुना हवा, आणि तो टाकी रिकामी करण्याआधी घ्यावा लागेल.

ज्या ठेकेदाराने काम केलं त्याचं शेवटचं बिल अजून दिलेलं नाही, असं खजिनदारांकडून कळलं. माती काढण्याचा खर्च त्यातून वळता करायचा की नाही, ते समितीने ठरवावं. पण त्या मुलांना दोष देऊ नये. उरलेलं कुठे टाकायचं हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं, आपणही नाही.

मीटर रूममध्ये अजून दोन अर्धवट डबे आहेत. एकाचं झाकण नीट बसलेलं नाही. ते आज संध्याकाळपर्यंत हलवावेत.

आपली,
सभासद, बी-३०४