यादीतली शेवटची ओळ खोड

ता. निफाड, जि. नाशिक
२८ डिसेंबर २०२५

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

तू आईला पाठवलेली नव्या वर्षाची यादी तिने मला वाचून दाखवली. पहाटे चारला उठायचं, रोज चौदा तास अभ्यास, मोबाइल बंद, इंग्रजी सुधारायचं, पळायला जायचं आणि २०२६ मध्ये पद घेऊनच घरी यायचं. शेवटची ओळ ऐकून आईच्या डोळ्यांत पाणी आलं. मला काळजी वाटली. फोनवर तू ‘हो अण्णा’ म्हणतेस आणि विषय तिथेच मिटतो, म्हणून लिहायला बसलो.

ताई, या यादीत सरलेल्या वर्षाबद्दल एक अक्षर नाही.

मराठवाड्यात पूर आला म्हणून २८ सप्टेंबरची एमपीएससी राज्यसेवेची पूर्वपरीक्षा ९ नोव्हेंबरला गेली. मधले सहा आठवडे तू इतिहास आणि राज्यघटना पुन्हा वाचलीस. ते तुझे आवडीचे विषय, त्यात तू पक्कीच आहेस. उत्तरतालिका आल्यावर गुण जुळवलेस, तर पहिला पेपर छान गेलेला. अडलं सीसॅटला, त्या उतारे आणि बुद्धिमापनाच्या दुसऱ्या पेपरला. तिथे २०० पैकी ६६ मिळाले की भागतं, गुणवत्ता यादीत ते धरतही नाहीत. पण दोन तासांत ८० प्रश्न, लांबलचक उतारे. शेवटचे उतारे वाचायला वेळच उरला नाही, तू घाईत गोळे रंगवलेस आणि चुकलेल्या उत्तरांचे गुण कापले गेले. हे सगळं तूच आईला सांगितलंस, रडत रडत.

म्हणजे वर्षभर तू कष्टात कुठेच कमी पडली नाहीस. एका जागी कमी पडलीस आणि ती जागा आपल्याला ठाऊक आहे. चौदा तासांच्या यादीत नेमकी तीच नाही.

आपल्या द्राक्षबागेचं यंदा काय झालं ते तुला तुटक तुटक कळलं असेल, नीट सांगतो. माल निघाल्यावरच्या एप्रिलच्या खरड छाटणीनंतर साधारण ४० ते ६० दिवसांत काडीवरच्या डोळ्यांत, म्हणजे जिथून कोंब फुटतो तिथे, पुढच्या हंगामाचा घड तयार होतो. त्याला ऊन लागतं. यंदा मे महिन्यातच पाऊस सुरू झाला, आभाळ उघडेना. फळासाठीच्या ऑक्टोबर छाटणीआधी मी काड्या तपासायला प्रयोगशाळेत दिल्या. तिथे डोळा उभा चिरून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात आणि कितव्या डोळ्यात घड आहे ते लिहून देतात. आपल्या कागदावर बहुतेक डोळ्यांपुढे ‘घड नाही’ असंच होतं. तुझी आई तो कागद हातात घेऊन कितीतरी वेळ ओट्यावर बसली होती.

पण त्या कागदामुळेच पुढचं ठरवता आलं. जिथे घड होता त्याच्या पुढे छाटणी घेतली. एरवी वेलीवर ३५-४० घड ठेवतो, यंदा निम्मेही नाहीत. एकरी दहा टनांचा हिशेब सोडला, चार-पाच टन धरून चाललोय. निर्यातीचा माल कुणाला कबूल केला नाही. प्लास्टिक आच्छादनाचा विचार पुढे ढकलला. डाउनी-भुरी या रोगांवरच्या फवारण्या मात्र सोडता येत नाहीत, तो खर्च पूर्ण बागेइतकाच आहे. आणि पुढच्या वर्षासाठी एकच गोष्ट ठरवली: माल निघाला की खरड छाटणी मार्चअखेरच उरकायची, म्हणजे पावसाच्या आत डोळ्यांना ऊन मिळेल. पुढच्या वर्षी दहा टन निघतीलच असं मी कुणाला सांगत नाही. छाटणीची तारीख माझ्या हातात आहे, तेवढी सांगतो.

तुझी यादी तशी व्हावी असं मला वाटतं. रोज सकाळी ताजं डोकं असताना पहिला तास फक्त उताऱ्यांना दे, समोर घड्याळ ठेवून. रविवारी सीसॅटचा पूर्ण पेपर दोन तासांत सोडव आणि कुठला प्रश्न सोडून द्यायला हवा होता तेही लिहून ठेव. मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली आहे. निबंध, सामान्य अध्ययन, तुझा कृषी विषय, सगळं हाताने लिहायचं. म्हणून रोज एक उत्तर लिहून काढ, जास्त नको, आणि ते अभ्यासिकेतल्या कुणाला तरी वाचायला दे. बाकी वेळ जो राहील तो तुझ्या आवडीच्या विषयांना.

पहाटे चारचं सोड. तुमच्या खोलीत चौघी, रात्री बारापर्यंत दिवा चालू, मग चारला उठून तू करणार काय? जुलैत तापाने पडलीस तेव्हाही झोप आणि जेवण दोन्ही मोडलेलं होतं. आठ तास नीट बसलीस तर मला खूप आहे. पळायला जमलं नाही तर संध्याकाळी चालून ये, पण रोज.

आणि ती शेवटची ओळ खोड. २०२५ च्या जाहिरातीत अख्ख्या महाराष्ट्रासाठी ३८५ पदं होती. तुझ्यासारख्या कष्टाळू मुली तिथे हजारोंनी आहेत. पद मिळेपर्यंत घरी यायचं नाही, असं स्वतःला बांधून घेऊ नकोस. सोसायटीचं कर्ज तुझ्या निकालावर अवलंबून नाही, ते मी आणि तुझी आई बघतो. गावात लोक विचारतात, ‘ताईचं काय झालं?’ मी सांगतो, अभ्यास चालू आहे. ते सांगताना मला कमीपणा वाटत नाही, हे तू पक्कं लक्षात ठेव.

किती वर्षं द्यायची, हेही एकदा बोलू. आत्ता नको. मे महिन्यात तू घरी आलीस की तिघं बसू. तोवर रविवारच्या पेपरांचे गुण एका वहीत लिहीत जा, चांगले-वाईट सगळे. पुढचं वर्ष द्यायचं की बी.एस्सी. ॲग्रीवर आधी नोकरी धरून तयारी करायची, ते त्या वहीवरून आपल्याला कळेल. जे ठरेल त्यात मी तुझ्या बाजूने असेन.

बागेत मणी आता सात-आठ एमएमचे झालेत, डिपिंग, म्हणजे मणी फुगायला घड संजीवकाच्या द्रावणात बुडवणं, चालू आहे. संक्रांतीला दोन दिवस ये. आई तिळाच्या वड्या करणार आहे, पण तू येणार असशील तरच म्हणते. खोलीचं भाडं १ तारखेला पाठवतो. नवी यादी झाली की मलाही वाचून दाखव, आईमार्फत नको.

तुझे,
अण्णा